सड्यावरचं जावळ

"उकिडवं बसता येतं का?"

खोली भाड्यानं मागायला गेलो तेव्हा सिस्टरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. त्याआधी गावात चार घरं बघून झाली होती. तिथं आडनाव विचारलं, आडनावावरून उलगडा होईना तेव्हा मूळ गाव विचारलं, मग मासेमटण खाता का आणि लग्न कधी करणार, हेही विचारलं. सिस्टरांनी यातलं काहीच विचारलं नाही. मी घाटावरचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्यानं लागलेला मास्तर, हातात पत्र्याची ट्रंक. मला वाटलं, संडासाबद्दल विचारत असतील. म्हटलं, "येतं की."

"बसून दाखवा."

ट्रंक बाजूला ठेवून मी अंगणात उकिडवा बसलो. त्यांनी मनगट वळवून घड्याळात बघितलं. दोन मिनिटं पुरती झाल्यावर म्हणाल्या, "उठा. खोली तुमची. पाणी उकळून प्यायचं."

हे गाव जयगडच्या रस्त्यावर. बौद्धवाडीतलं शेवटचं घर सिस्टरांचं, आणि त्यांच्या मागच्या पडवीतली खोली माझी. सरकारी उपकेंद्रात चौतीस वर्षं नर्सची नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण हे गावाला कुणी कळवलं नव्हतं आणि बहुतेक त्यांनाही. साडी पांढरी, पायात नाडीचे कॅनव्हासचे बूट, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही त्यांना सिस्टर म्हणत. त्यांचे मिस्टर जिवंत असताना तेही सिस्टरच म्हणायचे, असं गावात सांगत.

घरात सगळं उकळलेलं असे. पाणी, चमचे, कपडे वाळत घालायचे चिमटेसुद्धा. मासेवाली दारात आली की सिस्टर चष्मा लावून प्रत्येक बांगड्याचे कल्ले उघडून बघत, आणि ती बिचारी पाटी डोक्यावरून उतरवून, निकालाची वाट बघत उभी राही. मला सर्दी झाली तर मी शाळेतच शिंकून घ्यायचो. घरी शिंकलो तर थर्मामीटर घेऊन त्या खोलीच्या दारात हजर. त्यांना एक शब्द अजिबात खपत नसे, तो म्हणजे 'अंदाजे'. पोरं किती आली, असं त्यांनी विचारलं आणि मी "असतील अंदाजे वीस" म्हणालो, तर त्या दिवशी मला चहा मिळत नसे. हे मी गमतीनं लिहीत नाही, खरंच मिळत नसे.

उकिडवं बसण्याचं कोडं सुटलं ते दिवाळीच्या सुट्टीत. पाऊस उघडून महिना होत आला होता. सकाळी सात वाजता त्या बूट घालून माझ्या दारात उभ्या. "चला मास्तर. आज मोजणी."

गावाच्या डोक्यावर सडा आहे. म्हणजे काळ्या कातळाचं पसरट मैदान, त्यावर वीतभर माती असेल तिथं गवत, नसेल तिथं नुसता दगड. पावसाळ्यात तिथं फुलांचे गालिचे पसरतात, मुंबईहून माणसं फोटो काढायला येतात. आम्ही गेलो तेव्हा ते सगळं संपलं होतं. गवत पिवळं पडलं होतं, कातळ तापायला लागला होता. मी इकडंतिकडं बघत म्हटलं, "इथं काय मोजायचं?"

"बसा."

बसलो.

"अजून खाली बघा."

मग दिसलं. चार बोटं उंचीचं रोप. राखाडी, सगळ्या अंगाला मऊ पांढरी लव, पानांना, देठाला, कळ्यांनासुद्धा. टोकाला मुगाएवढं फिकट पिवळं फूल. उभ्यानं बघितलं तर वाळक्या गवताचाच एक भाग वाटावा असं. सिस्टरांनी पानाला बोटाचं टोक लावलं, अगदी हलकेच, आणि मलाही लावायला सांगितलं.

"काय म्हणतात याला?"

"जावळ."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात मोठं नाव आहे. कॉलेजातले एक सर येऊन सांगून गेले, मी लिहून घेतलंय. पण या हातांवर हजारभर पोरांची डोकी आलीत, मास्तर. जावळ कसं लागतं ते मला सरांनी सांगायला नको."

ते रोप एका वर्षाचं. पाऊस सरला की उगवतं, कार्तिकात फुलतं, बी टाकतं आणि पौषापर्यंत वाळून जातं. मूळ नाही, कंद नाही, मागं फक्त बी उरतं. नोकरीत असताना लसीची निळी पेटी खांद्याला लावून वाडीवाडीला जाताना सिस्टर याच सड्यावर दम खायला बसत, तेव्हा त्यांना ते पहिल्यांदा दिसलं. सड्याचा तो अकरा गुंठ्यांचा तुकडा योगायोगानं त्यांच्या वडिलांचाच, पुढं त्यांच्या नावावर झालेला. सातबाऱ्यावर तिथं 'पोटखराब', म्हणजे लागवडीला निकामी, असं लिहिलेलं होतं. तो शब्द वाचला की त्यांचा पारा चढे. "लिहिणारा उभा होता," असं त्या म्हणत.

मोजणीची वही म्हणजे लसीकरणाची जुनी शिल्लक वही. ती आता माझ्याकडे आहे. रकाने तेच ठेवले होते: तारीख, हजर, गैरहजर, शेरा. उकिडवं बसायचं, हातभर जागा नीट बघायची, मग बसल्याबसल्याच पुढं सरकायचं. अकरा गुंठे असं सरकायचं म्हणजे काय, ते माझ्या मांड्यांना विचारा. दुपारी मी अर्धमेला झालो होतो. सिस्टर उठून पदर झटकत म्हणाल्या, "हजर दोनशे बारा." आणि साडीला लागलेली कुसळं एकेक करून काढत बसल्या.

मी एकदा म्हणालो होतो, "सिस्टर, उभ्यानं बघून अंदाज घेतला तर काय बिघडेल?" त्या शनिवारी त्या मला नाक्यावर घेऊन गेल्या.

नाक्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. चालवणारा माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा, हसतमुख, एका पायानं अधू. सिस्टर दर शनिवारी तिथं जाऊन वहीचं एक पान झेरॉक्स करून आणत. नवीन काही लिहिलेलं नसलं तर जुनंच पान पुन्हा. मी त्यावरून त्यांची थट्टा करायचो, की सिस्टर, सरकारनंसुद्धा एवढ्या प्रती मागितल्या नाहीत. त्या दिवशी परतताना त्यांनी सरळ सांगितलं. नोकरीचं पहिलं वर्ष. संध्याकाळ झालेली, वाडी लांबची. दारातूनच विचारलं, डोस झाला का? आतून बाई म्हणाली, झाला. घरात गेल्या नाहीत, मूल बघितलं नाही, उभ्याउभ्या 'हजर' लिहून आल्या. तो डोस झालेला नव्हता. ते मूल म्हणजे हा दुकानदार.

"नंतर मी शेऱ्यात लिहिलं, 'चूक माझी'. डॉक्टरसाहेब म्हणाले, खोडा ते. नाही खोडलं."

"त्याला माहीत आहे?"

"मीच सांगितलं, तो सज्ञान झाला तेव्हा. म्हणाला, सिस्टर, येत जा." मी परत कधी त्या झेरॉक्सवरून थट्टा केली नाही, आणि 'अंदाजे' हा शब्द माझ्याही बोलण्यातून जवळजवळ गेला.

दुसऱ्या वर्षी सड्यावर सुरुंग वाजायला लागले. बाहेरच्या एका बागायतदारानं सिस्टरांच्या तुकड्याभोवतीचा सगळा कातळ घेतला होता. सुरुंगानं खड्डे पाडायचे, डंपरनं माती आणून भरायची आणि हापूसची कलमं लावायची. आंब्याशी सिस्टरांचं वैर नव्हतं, मोसमात दुपारच्या जेवणाला त्या नुसता आमरस घेत. पण बागायतदाराचा माणूस त्यांचा तुकडा मागायला आला तेव्हा त्यांनी त्याला अंगणात उकिडवं बसायला सांगितलं. त्याला बसता आलं नाही. विषय तिथंच संपला.

पण भोवतालचं जावळ गेलं. आता होतं ते फक्त या अकरा गुंठ्यांत. सिस्टरांनी ठरवलं, तुकड्याला गडगा, म्हणजे नुसत्या दगडांचं कुंपण, घालायचा. सुरुंगानं निघालेला दगड भोवती पडलेलाच होता. दोन गडी, रविवारी मी, आणि रोज सिस्टर, असा दोन महिन्यांत छातीएवढा गडगा उभा राहिला. हद्दीवर बांधून भांडण नको म्हणून त्यांनी तो चारही बाजूंनी दोन हात आतच घेतला.

गडग्याचं शेवटचं तोंड बुजवत असताना गणपतदादा आले. खालच्या वाडीतले शेतकरी, सिस्टरांच्याच वयाचे. त्यांच्या घरची गुरं आज्यापासून त्या तुकड्यात चरत आलेली, आता होती पाच.

"सिस्टर, आता गुरां कुठं न्यावची मी?"

"दुसरीकडं न्या."

"दुसरीकडं बाग झाली. तुमच्या तुकड्यातच काय ता गवत ऱ्हायलं."

"गवताबरोबर माझं जावळ पायाखाली जातं."

"नाय ओ जात. गुरां त्याला तोंडच लावीत नायत, लोकर घोळते तोंडात. आन् गुरां गवत खातात म्हनून तं तुमाला ता दिसतंय."

"गणपतदादा," सिस्टर म्हणाल्या, "इथं मोजणी मी करते."

दादांनी माझ्याकडं बघितलं. मी दगड उचलला आणि जागेवर बसवला.

त्यानंतरची वही वाचवत नाही. पुढच्या कार्तिकात हजर शहाण्णव. सिस्टर म्हणाल्या, पाऊस लांबला. त्याच्या पुढच्या वर्षी बावीस. सिस्टर म्हणाल्या, सुरुंगाची धूळ. धूळ धुवायला त्यांनी डोस पाजायचं जुनं ड्रॉपर काढलं आणि उकळून गार केलेल्या पाण्याचे थेंब प्रत्येक पानावर सोडले. मी शेजारी तांब्या धरून बसलो होतो. गवत माझ्या डोक्यावर गेलं होतं. बसल्यावर आभाळ दिसत नव्हतं. मला ते दिसत होतं आणि गणपतदादांचं बोलणंही आठवत होतं. पण सिस्टरांना सांगणार कोण? मी सांगितलं नाही. भाडेकरूची भीती म्हणा नाहीतर आळस म्हणा, त्याची लाज मला आजही वाटते.

चौथ्या वर्षी आम्ही सकाळी सातला मोजायला बसलो. सिस्टर दोन्ही हातांनी गवत दुभंगत पुढं सरकत होत्या, तळहात कापले होते. दुपार झाली. सगळे अकरा गुंठे संपले. एकही नाही.

त्या गडग्याला टेकून उभ्या राहिल्या. मग, का कुणास ठाऊक, दगडावर पाय ठेवून पलीकडं उतरल्या. गडगा आणि हद्द यांच्यामध्ये जी दोन हातांची पट्टी सुटली होती, तिथून गुरांची वाट पडली होती. गवत आखूड खाल्लेलं, माती खुरांनी उकरलेली. सिस्टर तिथं खाली बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत म्हणून मी गडग्यावरून वाकून बघितलं. त्या वाटेच्या कडेनं, शेणाच्या पोवांच्या मधून, राखाडी लव अंगावर घेऊन जावळ फुललं होतं. एकोणीस रोपं.

त्यांनी वही मागितली. 'हजर' खाली शून्य लिहिलं, पट्टीतली एकोणीस वेगळी लिहिली, आणि शेऱ्यात लिहिलं, 'चूक माझी'. हे त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा लिहिलं. मग त्या घरी न जाता तशाच, कापल्या हातांनी, खालच्या वाडीत उतरल्या. मी मागोमाग.

गणपतदादा खळ्यात बसून दोर वळत होते.

"गणपतदादा, चुकलं माझं."

दादांनी दोर खाली ठेवला नाही. "काय चुकलं?"

"गुरं बंद केली ते."

"तवाच सांगितलं होतं."

"हो. मी ऐकलं नाही."

"आता काय?"

"आता गुरं पाठवा."

दादा हसले, पण ते हसू बरं नव्हतं. "कुठली गुरां? इकली मी. चराव कुठं? वाटेवर उभी करून किती दिवस पोसू?" त्यांनी गोठ्याकडं मान वळवली. "ही म्हातारी तेवढी ऱ्हायली. कोन घेईना तिला."

सिस्टर गोठ्यापाशी गेल्या. गाईची हाडं वर आलेली, एक शिंग मोडकं. त्यांनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, सवयीनं. "रक्त कमी आहे," म्हणाल्या. मग दादांकडं वळल्या. "मलाही आता कोण घेत नाही. आम्ही दोघी मिळून बघू. द्या."

दादांनी आता दोर खाली ठेवला. मला वाटलं, नाहीच म्हणतात. ज्या बाईनं गुरं विकायला लावली तिलाच उरलेली गाय द्यायची म्हणजे मन फारच मोठं लागतं, आणि मी असतो तर दिली नसती. शेवटी त्यांनी वळलेला दोर उचलला आणि गाईच्या गळ्यात घातला. "नवा हाय," एवढंच म्हणाले.

दोन महिने लावून बांधलेला गडगा आम्ही एका रविवारी दोन ठिकाणी फोडला. गणपतदादा विळा घेऊन आले आणि सगळं वाळकं गवत बुडाशी कापून काढलं. पट्टीतल्या रोपांचं बी पिकल्यावर सिस्टरांनी चिमटीचिमटीनं गोळा केलं, लसीच्या निळ्या पेटीत घालून तुकड्यात नेलं आणि पसरलं. त्या पेटीत बर्फ नाही म्हणून मी हसलो, तर म्हणाल्या, "सवय आहे तिला, नीट पोचवते." पुढच्या पावसाळ्यात गावानं एक नवीनच दृश्य बघितलं. पुढं मोडक्या शिंगाची गाय, मागं छत्री धरून पांढऱ्या साडीतल्या, कॅनव्हासचे बूट घातलेल्या सिस्टर, रोज सकाळी सड्यावर. गोठ्यात फिनेलचा वास. लोक हसले. सिस्टरांनी कुणाकडं बघितलं नाही.

त्या कार्तिकात हजर दोन. मी तोंड पाडून बसलो. सिस्टर म्हणाल्या, "दोन म्हणजे शून्य नव्हे. मास्तर आहात ना?"

मग माझी घाटावर बदली झाली. मी मागितलेलीच होती. लग्न झालं, पोट सुटलं. दर दिवाळीनंतर एके दुपारी सिस्टरांचा फोन यायचा. कसे आहात वगैरे नाही. "अकरा." ठेवला फोन. पुढच्या वर्षी, "सव्वीस. मुलीला गोवराचा डोस दिला का? दिलाय असं बायको म्हणते की तुम्ही बघितलंत?" मी कार्ड शोधायला लागायचो.

नंतरच्या वर्षी फोन आला नाही. आठवडाभर वाट बघितली आणि बसनं निघालो.

सिस्टर खाटेवर होत्या. श्रावणात सड्यावर शेवाळावरून पाय घसरून खुबा मोडला होता. अंग निम्मं झालेलं, पण घड्याळ मनगटावर होतं. गाईला आता गणपतदादा नेत होते. मला बघून त्या उठून बसायला लागल्या. मी धरलं.

"उशीर केलात. मोजणी राहिलीय."

"दादांना सांगायचं ना."

"त्यांना गाय कळते. गुडघे गेलेत त्यांचे. वही घ्या."

दुपारचे बारा वाजले होते. परतीची बस चारला होती. सड्यावर चढेपर्यंत माझा शर्ट अंगाला चिकटला. कातळ तापलेला, भोवती कलमं चांगली माणसाएवढी झालेली. मधल्या तुकड्यात गवत आखूड होतं आणि एका कोपऱ्यात ती म्हातारी गाय रवंथ करत बसली होती. जावळ दिसलं, उभ्यानंच दिसलं, आणि मला इतका आनंद झाला की मी चालत, वाकत, बोटानं दाखवत मोजून टाकलं. चौतीस. धावतच खाली आलो.

"सिस्टर, चौतीस!"

त्यांनी पेन उघडलं. माझ्याकडं बघितलं. मग नजर खाली माझ्या पँटीवर गेली.

"कुसळं कुठं आहेत?"

मी खाली बघितलं. इस्त्रीची पँट, गुडघ्याखाली चारदोन कुसळं, वर सगळी स्वच्छ. सिस्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटून उशाशी ठेवली. रागावल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी शेजारणीनं आणून ठेवलेला चहाचा कप न उचलता परत सड्याकडं निघालो.

बसलो. गुडघे कुरकुरले, पोट आडवं आलं. बसल्याबरोबर माझ्या बुटाच्या कडेला दोन रोपं दिसली, मघाशी मी त्यांच्यावर पाय देता देता राहिलो होतो. हातभर जागा नीट बघायची, मग सरकायचं. दगडाच्या फटीत एक. शेणाच्या पोवाआड तीन, इवलीशी, फूलही नीट न उघडलेली. चारची बस खालच्या वळणावर हॉर्न देऊन गेली, तेव्हा माझा निम्मा तुकडा व्हायचा होता. संपलं तेव्हा उन्हं उतरली होती आणि मला सरळ उभं राहता येत नव्हतं. तसाच वाकून खाली आलो.

"एकसष्ट," मी म्हटलं.

सिस्टरांनी आधी पँट बघितली. ती कुसळांनी भरली होती. मग त्यांनी डोळे मिटले, आणि बंद डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणी बघितलं नसेल ते मी बघितलं, म्हणून मी खिडकीकडं वळलो. उशाची वही पुढं करून त्या म्हणाल्या, "लिहा तुम्हीच."

तारीख लिहिली. हजर, एकसष्ट.

"शेऱ्यात काय लिहू?"

"मोजलं तुम्ही. तुम्ही ठरवा."

मी लिहिलं, 'बसून मोजले. आधी उभ्यानं मोजून चौतीस सांगितले, चूक माझी.' आणि वही त्यांच्यापुढं धरली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "बस तर गेलीच तुमची. उद्या सकाळी नाक्यावर जाऊन या पानाची झेरॉक्स काढून आणा."